मधेच थांबलेली चाचणी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सायंकाळच्या मिस्साबलिदानानंतर आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी हातात कागदांची चळत घेऊन आमच्याकडे आली. तिच्या पतीला कर्करोग झाला होता. नेहमीच्या औषधांचा गुण येईनासा झाला, तेव्हा डॉक्टरांनी एका नव्या औषधाच्या चाचणीत नाव नोंदवण्याविषयी सुचवले होते. संमतीपत्र मराठीत होते आणि तिने ते मन लावून वाचले होते. एका वाक्याखाली तिने पेन्सिलीने रेघ ओढली होती : ‘ही चाचणी मुदतीपूर्वी केव्हाही थांबवली जाऊ शकते.’

“फादर, बाकीचं सगळं समजलं,” ती म्हणाली. “पण मधेच थांबवली, तर ह्यांचं काय? तेवढंच कुठे लिहिलेलं नाही.”

आम्ही तिला डॉक्टरांना विचारायला सांगितले आणि दोघांसाठी प्रार्थना करण्याचे आश्वासन दिले. ते उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. ती चाचणी पुढे मुदतीपर्यंत चालली. तिचे पती दोन वर्षांनी देवाघरी गेले. तिचा प्रश्न मात्र आमच्यापाशी राहिला. हाती घेतलेला प्रयोग अर्ध्यावर थांबवण्याचा अधिकार माणसाला केव्हा पोहोचतो आणि थांबवल्यावर त्याच्यावर कोणते ऋण उरते, याचा विचार आम्ही त्यानंतर पुष्कळ केला.

प्रथम चाचणीचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. नव्या औषधाची परीक्षा घेताना रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडतात. एका गटाला नवे औषध मिळते. दुसऱ्याला जुने औषध, किंवा औषधाचा अंश नसलेली तशीच दिसणारी गोळी. कोणाला काय मिळाले हे बहुधा रुग्णालाही ठाऊक नसते आणि डॉक्टरलाही. मोठ्या चाचण्यांत मात्र एक स्वतंत्र देखरेख समिती असते. ठरावीक काळाने ती पडदा बाजूला सारून दोन्ही गटांची आकडेवारी पाहते. चाचणी चालू ठेवावी की थांबवावी, ही शिफारस करण्याचे ओझे या मूठभर माणसांच्या खांद्यावर असते.

हे ओझे किती जड असते, ते एड्सवरील ‘एझेडटी’ या पहिल्या औषधाच्या इतिहासावरून दिसते. १९८६ साली अमेरिकेत २८२ रुग्णांवर या औषधाची चाचणी सुरू झाली. प्रत्येक रुग्णाला २४ आठवडे औषध किंवा पोकळ गोळी द्यावयाची होती. सप्टेंबरात समितीने आकडे पाहिले, तेव्हा पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकी १९ जण मरण पावले होते आणि औषध घेणाऱ्यांपैकी एक. चाचणी थांबवण्यात आली आणि उरलेल्या सर्वांना औषध देऊ करण्यात आले. त्या वेळी बहुतेकांचे २४ आठवडे भरले नव्हते. पण समोर माणसे मरत असताना केवळ वही पूर्ण व्हावी म्हणून त्यांना पोकळ गोळी देत राहणे कोणत्या न्यायात बसले असते? सप्टेंबर १९५२ मध्ये पोप बारावे पायस यांनी वैद्यकीय संशोधनाच्या नैतिक मर्यादांविषयी भाषण केले होते. माणूस समाजाच्या उपयोगासाठी नसून समाज माणसासाठी आहे, हा त्यातील विचार. १९८६ सालचा निर्णय या कसोटीला पूर्ण उतरतो.

येथवर प्रश्न सोपा वाटतो. पुढे तो अवघड होतो.

तेच औषध, रोगाची लक्षणे अद्याप न दिसणाऱ्या एचआयव्हीबाधितांना लवकर दिले तर रोग लांबेल काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेत १,३३८ जणांवर दुसरी चाचणी झाली. ऑगस्ट १९८९ मध्ये तीही मुदतीपूर्वी थांबली. साधारण एक वर्षाच्या निरीक्षणात पोकळ गोळी घेणाऱ्यांत एड्सचे प्रमाण स्पष्टपणे अधिक दिसले होते. त्यानंतर लक्षणे नसलेल्या असंख्य लोकांना हे औषध दिले जाऊ लागले. त्याच सुमारास ब्रिटन, आयर्लंड आणि फ्रान्स येथे ‘कॉन्कॉर्ड’ नावाची तशीच चाचणी चालू होती. तिच्यात १,७४९ जण होते. अमेरिकेतील बातमी आल्यावर तेथील संशोधकांनी नियम सैल केले आणि रक्ततपासणीचे आकडे घसरलेल्या सहभागींना औषध घेण्याची मुभा दिली. पण चाचणी बंद केली नाही. १९९३ साली निष्कर्ष बाहेर आले. तीन वर्षांनंतर लवकर औषध घेणाऱ्यांपैकी ९२ टक्के जिवंत होते आणि लक्षणे दिसेपर्यंत थांबलेल्यांपैकी ९४ टक्के. सुरुवातीला दिसलेला लाभ पुढे ओसरला होता.

मृगाचे चार पाऊस पाहून कोणी वर्षाचे धान्य मोजत नाही. चाचणीचेही तसेच आहे. सुरुवातीच्या आकड्यांत योगायोगाचा वाटा मोठा असतो आणि आकडे योगायोगाने उंचावले असतानाच चाचणी थांबवली, तर लाभ आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. २०१० साली संशोधकांनी लाभ दिसला म्हणून लवकर थांबवलेल्या ९१ चाचण्यांची, त्याच प्रश्नांवरील पण तशा न थांबवलेल्या ४२४ चाचण्यांशी तुलना केली. लवकर थांबलेल्या चाचण्यांत लाभ बराच फुगलेला आढळला. म्हणजे आज समोर असलेल्या रुग्णावर दया म्हणून आपण जो निर्णय घेतो, त्याची किंमत उद्याचा एखादा अनोळखी रुग्ण मोजतो. तोही आपला शेजारीच आहे. फक्त त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही त्याच वर्षातले आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, त्यांना ते ठोके आवरणारी औषधे दिली तर जीव वाचतील, असा डॉक्टरांचा समज होता. तो इतका दृढ होता की, अशा रुग्णांना पोकळ गोळी देणे हाच अन्याय आहे असे काहींना वाटे. एप्रिल १९८९ मध्ये या चाचणीतील दोन औषधे थांबवावी लागली. सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ७३० रुग्णांपैकी ५६ दगावले होते आणि पोकळ गोळी घेणाऱ्या ७२५ पैकी २२. ठोके आवरले गेले, पण माणसे गेली. चांगल्या हेतूने दिलेले औषध मारक ठरत होते आणि चाचणी झाली नसती, तर ते कळलेही नसते. अशा वेळी थांबणे म्हणजे आपला समज चुकला हे कबूल करणे होय.

तेव्हा लाभ दिसला म्हणून थांबणे योग्य असू शकते, पण त्यात घाई नसावी. हानी दिसली म्हणून थांबणे हे कर्तव्यच आहे. मात्र थांबण्याचे एक तिसरे कारणही असते आणि ते आम्हांला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. ‘कन्व्हिन्स’ नावाच्या रक्तदाबावरील चाचणीत १५ देशांतील १६,६०२ लोक सहभागी झाले होते. हानी दिसली म्हणून ती थांबवली नव्हती, लाभही सिद्ध झाला नव्हता. तरी खर्च करणाऱ्या कंपनीने व्यापारी कारणास्तव ती नियोजित मुदतीच्या दोन वर्षे आधी बंद केली. प्रश्नाचे निर्णायक उत्तर हाती आलेच नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने परदेशी मदत गोठवली, तेव्हाही तिच्या पैशावर चाललेल्या कित्येक चाचण्या अचानक थांबल्या आणि सहभागी झालेली गरीब देशांतील माणसे मधेच राहिली. पैसा देणारा पैसा थांबवू शकतो, हे खरे. परंतु ज्यांनी आपले शरीर दिले, त्यांनी ते कोणाच्या हिशेबाच्या वहीसाठी दिलेले नव्हते. आपल्याला नाही तर निदान दुसऱ्याला उपयोग होईल, या भावनेने ते दिलेले असते. अशा दानाला अर्ध्यावर निरर्थक करणे हा वचनभंग आहे.

मग योग्य रीतीने थांबणे म्हणजे काय? त्याचे एक उदाहरण आपल्या जवळचेच आहे. जोडीदारांपैकी एकाला एचआयव्हीची लागण आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी १,७६३ जोडपी नऊ देशांतून एका चाचणीत सहभागी झाली होती. भारतातील तिची केंद्रे चेन्नई आणि आपले पुणे येथे होती. बाधित जोडीदाराला औषधे लगेच द्यावीत की प्रकृती ढासळू लागल्यावर, हा प्रश्न होता. एप्रिल २०११ मध्ये समितीने आकडे पाहिले. बाधित जोडीदाराकडूनच लागण झाल्याची २८ उदाहरणे होती आणि त्यांतील २७ उशिरा औषध मिळणाऱ्या गटातली होती. निष्कर्ष चार वर्षे आधी जाहीर करण्यात आले आणि त्या गटातील सर्व बाधितांना औषधे देऊ करण्यात आली. महत्त्वाची गोष्ट त्यापुढची आहे. संशोधकांनी गाशा गुंडाळला नाही. २०१५ पर्यंत त्यांनी या जोडप्यांची पाठराखण केली आणि लाभ टिकतो याची खात्री करून घेतली. दोन गटांची तुलना थांबली होती. सोबत थांबली नव्हती.

आमच्या मते सगळ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. चाचणी थांबवता येते, माणसाला सोडता येत नाही. हेलसिंकी घोषणापत्राच्या २००० सालच्या दुरुस्तीत, अभ्यासातून जो सर्वोत्तम उपचार सिद्ध होईल तो अभ्यास संपल्यावर सहभागींना मिळाला पाहिजे, असे म्हटले होते. आपल्या देशातील २०१९ च्या नियमांनुसार चाचणी मुदतीपूर्वी बंद केल्यास तिची सविस्तर कारणे केंद्रीय परवाना अधिकाऱ्याला कळवावी लागतात. हे आवश्यकच आहे. पण सरकारी कार्यालयात कागद पोहोचला म्हणजे ऋण फिटले असे नव्हे. खरा हिशेब ज्याच्यापुढे मांडावयाचा, तो त्या खाटेवर असतो किंवा त्याच्या घरची माणसे दाराशी उभी असतात.

आज ती भगिनी पुन्हा कागद घेऊन आली, तर ‘डॉक्टरांना विचारा’ एवढेच सांगून आम्ही तिला परत पाठवणार नाही. सही करू नका, असेही सांगणार नाही. कारण कोणीतरी पूर्वी सही केली, म्हणूनच आज आपल्या घराघरांत औषधे आहेत. आम्ही तिच्याबरोबर बसू आणि डॉक्टरांना विचारावयाचे तीन प्रश्न त्या कागदाच्या मागे लिहून देऊ : ही चाचणी थांबवण्याचा निर्णय कोण घेणार? कोणत्या कारणासाठी थांबवणार? आणि थांबवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यांच्या उपचाराची जबाबदारी कोणाची?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नावानिशी मिळाले, तर तिने सही करण्यास हरकत नाही.