नडगीची साक्ष

कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात शालर उपसागराच्या काठी बेलडून नावाचं गाव आहे. तिथल्या शिशाच्या भट्टीवर एक दणकट कामगार होता. वीस वर्षं तो कामाच्याच कपड्यांत घरी यायचा. बायकोने टोकलं की म्हणायचा, "अगं, धूळच ती. झटकली की गेली."

१९९० च्या जुलैत संप झाला आणि दहा महिने चालला. संप मिटल्यावर रक्त तपासलं, तर शिसं बरंच उतरलेलं. तो हरखला. "बघ, अंग धुऊन निघालं!"

काही वर्षांनी मॅकमास्टर विद्यापीठाचे संशोधक यंत्र घेऊन आले. ३६० हून अधिक कामगारांची हाडं मोजायची होती. याचा नंबर आला तशी याने सवयीने बाही वर सारली. संशोधक बाई म्हणाल्या, "सुई नाही टोचायची. पँट गुडघ्यापर्यंत घ्या."

कातडीवरची धूळ मोजली जाऊ नये म्हणून नडगी नीट पुसली. मग अर्धा तास पाय हलवायचा नाही. समोर कॅडमियम-१०९ चा एवढासा स्रोत होता. त्याच्या किरणांची ऊर्जा ८८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे शिशाच्या अणूतला सगळ्यात आतला इलेक्ट्रॉन उडवायला लागते त्याहून केसभर जास्त. ती रिकामी जागा भरताना अणू स्वतःचा असा क्ष-किरण सोडतो. तो मांस-कातडी पार करून बाहेर येतो आणि यंत्र तो टिपतं. हाडात दडलेलं शिसं असं आपल्याच तोंडाने कबुली देतं. नडगीनंतर टाच मोजली.

आलेख पाहून त्याचा चेहरा उतरला. "पण रक्तातलं तर गेलं होतं ना?"

"रक्तातलं महिनाभरात निम्मं होतं. हाडातलं वर्षानुवर्षं राहतं. शिसं कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतं, हाडाला फरक कळत नाही. संपात तुम्ही भट्टीपासून लांब होतात, तरी हाडं रक्तात थोडं थोडं शिसं सोडतच होती."

तो बराच वेळ नडगीवरून हात फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, "माझी मुलगी लहानपणी मी दारात आलो की धावत येऊन पायाला मिठी मारायची. आता तिला दिवस गेलेत."

बाईंनी खोटा धीर दिला नाही. गरोदरपणी आईच्या हाडातलं कॅल्शियम बाळाकडे जातं आणि शिसं असलं तर तेही सोबत जातं, हे त्यांनी सांगितलं. मुलीचं रक्त तपासून घ्या आणि कॅल्शियमबद्दल डॉक्टरांना विचारा, असंही सांगितलं. तेवढं करता येण्यासारखं होतं.

त्या संध्याकाळी पाळी सुटली. भट्टीवर नवाच लागलेला एक पोरगा कामाच्या कपड्यांतच गाडीकडे निघाला होता. मागच्या सीटवर बाळाची खुर्ची बांधलेली. म्हातारा गाडीच्या दाराला पाठ लावून उभा राहिला.

"आधी अंघोळ कर. बूट इथेच ठेव."

"काका, धूळच तर आहे..."

म्हाताऱ्याने खाली बसून स्वतःच्या हाताने त्याच्या बुटाची नाडी सोडली.