स्मरण येणे आणि स्मरत बसणे

ज्याने विडी सोडून वर्ष लोटले, त्याला अजूनही विडीची तलफ येत असेल, तर त्याने ती खरोखर सोडली असे म्हणावे काय? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु त्याच्या पाठीशी गीतेतील एक कठीण स्थळ उभे आहे, आणि त्या स्थळाचा अर्थ नीट न लागल्यामुळे कित्येक प्रामाणिक गृहस्थ सोडलेले व्यसन पुन्हा धरतात, असे आमच्या पाहण्यात आले आहे.

आम्ही राहतो तो गढा म्हणजे गोंड राजांची जुनी राजधानी. आज जबलपूर शहराचा पश्चिमेकडील भाग. येथील एका वृद्ध गृहस्थांनी चाळीस वर्षांची विडी बासष्टाव्या वर्षी सोडली. गीतेचा नित्य पाठ त्यांचा तरुणपणापासूनचा. ते एके दिवशी म्हणाले, "शास्त्रीबुवा, तिसऱ्या अध्यायातला सहावा श्लोक आला की जीभ अडखळते. हाताने विडी सोडली, पण मनाने रोज ओढतोच आहे. कर्मेंद्रिये आवरून मनाने विषय आठवणाऱ्याला भगवंत मिथ्याचारी म्हणतात. मग मी दुसरा कोण? त्यापेक्षा उघड ओढावी, निदान ढोंग तरी नको."

या बोलण्यात पळवाट शोधण्याची वृत्ती नव्हती. त्यांचे सत्यप्रेमच त्यांना काडेपेटीकडे ढकलीत होते, आणि म्हणूनच त्यांना 'मन घट्ट करा' एवढेच सांगून भागण्यासारखे नव्हते.

शिवाय हे शहर विडीचे. विसाव्या शतकाच्या आरंभी गुजरातेतून आलेल्या व्यापाऱ्यांनी हा धंदा येथे उभारला. भोवतालच्या जंगलांत तेंदूपान विपुल. त्याचा व्यापार मध्य प्रदेश शासनाने १९६४ च्या कायद्याने आपल्या हाती घेतला. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या बोटांवर या प्रदेशातील किती चुली पेटल्या, त्याची गणती नाही. अशा ठिकाणी विडी सोडणाऱ्याला तिचा वास चुकवून राहता येत नाही. तलफ जागी करणारी वस्तू पावलोपावली भेटते.

येथे थोडे विषयांतर करतो. काही विद्वान 'चरकाने धूमपान सांगितले आहे' असे म्हणून आपल्या विडीला शास्त्राधार देतात. (शुद्ध शब्द 'धूमपान' आहे. 'धूम्र' म्हणजे धुराच्या रंगाचा. 'धूम्रपान' हे रूढीने चालविलेले रूप होय.) चरकाने सूत्रस्थानात स्नानानंतर, भोजनानंतर, दंतधावनानंतर अशा आठ वेळा सांगितल्या आहेत हे खरे, पण तो धूर औषधी द्रव्यांच्या वर्तीचा, आणि तो कफवातशमनासाठी, मोजून घ्यावयाचा. तंबाखू चरकाला ठाऊकच नव्हती. ती पोर्तुगीजांबरोबर या देशात आली. विजापुराहून परतलेल्या असद बेगाने ती अकबराच्या दरबारात नेली, ती १६०४-०५ च्या सुमारास. तेव्हा हा आधार येथेच सोडून देऊ.

आता मूळ शंकेकडे वळू. तिसऱ्या अध्यायातील त्या श्लोकात 'स्मरन्' या शब्दाकडे सर्वांचे लक्ष जाते. त्याच्या सोबतीचे 'आस्ते' हे क्रियापद मात्र वाचणारा ओलांडून जातो. आस् धातूचा अर्थ बसणे. असे वर्तमानकालवाचक कृदंत त्याच्या जोडीला आले म्हणजे क्रियेचे सातत्य दिसते. सुदैवाने मराठीत हीच लकब जशीच्या तशी आहे. 'तो रडला' आणि 'तो रडत बसला' यांतील भेद कोणत्याही मुलाला कळतो. भगवंतांनी ज्याला मिथ्याचारी म्हटले, तो विषय आठवणारा नव्हे. विषय आठवत बसणारा. आठवण दारातून आत आली, यात घरधन्याचा काय दोष? तिला पाट मांडून जेवावयास बसविले, तर तो त्याचा.

हा अर्थ आमच्या सोयीसाठी ओढून आणलेला नाही. दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी स्वतःच सांगितले आहे की, आहार तोडणाऱ्याचे विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे उरते. ती गोडी जाते ती परतत्त्वाच्या दर्शनानेच. म्हणजे सोडल्यानंतर रस उरणे ही साधकाची नेहमीची अवस्था म्हणून तेथे नोंदली आहे. उरलेल्या रसालाच ढोंग म्हणावे, तर साक्षात्कारापूर्वीचा प्रत्येक त्याग ढोंग ठरेल आणि त्याग करावा असे कोणासच सांगता येणार नाही. पुढे लगेच पतनाची साखळी येते. तिची पहिली कडी विषयांचे ध्यान ही आहे, नुसती आठवण नव्हे. ध्यानातून आसक्ती आणि आसक्तीतून कामना. याच अठरा श्लोकांवर विनोबांनी १९४४ साली सिवनीच्या तुरुंगात मराठीतून विवेचन केले आणि त्याचे 'स्थितप्रज्ञ-दर्शन' झाले. ते सिवनी आमच्या जबलपूरहून नागपूरकडे जाणाऱ्या वाटेवरच आहे. विडीवाल्या गृहस्थांना आम्ही तो ग्रंथ वाचावयास दिला.

मग आलेल्या आठवणीचे करावे काय? याचे उत्तर पाचव्या अध्यायात आहे, आणि तेथेही एक शब्द महत्त्वाचा आहे. काम-क्रोधांपासून उठणाऱ्या लोटाला भगवंत 'वेग' म्हणतात, आणि तो सहन करू शकणाऱ्याला युक्त व सुखी म्हणतात. वेग नष्ट करणाऱ्याला किंवा ज्याच्या ठिकाणी वेग उठतच नाही अशाला, असे तेथे म्हटलेले नाही. धातू सह् आहे. वेग या शब्दातच त्याचे येणे, चढणे आणि ओसरणे हे तिन्ही आले. वैद्यांचा अनुभवही असाच आहे. तलफेचा एकेक झटका बहुधा काही मिनिटांत उतरतो. सोडल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण. चिडचीड, निद्रानाश, अस्वस्थता ही बहुतेकांची तीन-चार आठवड्यांत मंदावते. त्यानंतरची तलफ क्वचित येते, पण ठरलेल्या जागी येते: चहाच्या कपाशी, पत्त्यांच्या डावाशी, भोजनोत्तर ओसरीवर. तेवढी पाच-दहा मिनिटे उठून चालू लागावे, पाणी प्यावे, नाम घ्यावे. तलफेशी वाद घालीत बसू नये, कारण वाद घालणे हेही स्मरत बसणेच होय.

कोणी विचारील, आयुर्वेद तर वेग अडवू नये म्हणतो. होय, परंतु चरकाने भूक, तहान, शिंक, झोप इत्यादी शरीराचे तेरा वेग अडवू नयेत असे सांगून, त्याच अध्यायात लोभ, शोक, भय, क्रोध यांचे वेग मात्र धारण करावेत असे सांगितले आहे. तंबाखूची तलफ या दोहोंच्या सीमेवर बसते. लोभ मनाचा असला तरी चाळीस वर्षांत त्याने रक्तामांसात घर केलेले असते. यासाठीच तेथे पुढे सांगितलेली युक्ती मोलाची वाटते: अंगवळणी पडलेले अहितकर ते चतुर्थांशाने, मध्ये दिवसांचे अंतर ठेवून, क्रमाने सोडावे. एके दिवशी सोडणे आणि हळूहळू सोडणे यांत फळाचा मोठा भेद नाही, असेच आधुनिक चाचण्यांचा एकत्र विचार करता दिसते. ज्याला जे पेलेल ते त्याने घ्यावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीनची गोळी चघळून ती क्रमाने कमी करणे यातही व्रताला बाध येतो असे आम्हांस वाटत नाही. तो धुराविना चालविलेला चतुर्थांशाचाच क्रम आहे.

'आता साठीत सोडून काय मिळवायचे?' हा दुसरा आक्षेप. ब्रिटनमधील डॉक्टरांचीच १९५१ पासून पन्नास वर्षे पाहणी करून रिचर्ड डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली जे निष्कर्ष मांडले, त्यांत चाळिसाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्याला सुमारे नऊ वर्षांचे, पन्नासाव्या वर्षी सहा वर्षांचे आणि साठाव्या वर्षीही सुमारे तीन वर्षांचे आयुष्य परत मिळते असे दिसले. विडीत तंबाखू थोडी म्हणून ती सौम्य, हा समज चुकीचा आहे. ती विझू नये म्हणून झुरके अधिक आणि खोल घ्यावे लागतात. गीतेने तर वयाची अटच घातलेली नाही. वेग सहन करण्याची मुदत तेथे देह सुटण्यापूर्वी एवढीच सांगितली आहे.

राहिली घरच्यांची गोष्ट. वृद्ध माणूस व्यसन सोडतो तेव्हा मुले-सुना त्याच्यावर पहारा ठेवतात आणि 'बाबा, आज ओढली नाही ना?' असे दिवसातून दोनदा विचारतात. हेतू चांगला, पण विसरलेली वस्तू आठवून देण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही. एखाद्या दिवशी पाऊल घसरले, तर हलकल्लोळ करू नये. पुष्कळांना कायमचे सोडण्यापूर्वी दोन-चार वेळा सोडावे लागते, आणि या मार्गावर आरंभलेले वाया जात नाही असे आश्वासन दुसऱ्या अध्यायात आहेच. जेवणानंतर जुन्या सवयीने हात खिशाकडे जाऊ लागला की लवंग, वेलदोडा किंवा चिमूटभर बडीशेप तळहातावर ठेवावी. सुपारी देऊ नये, ती स्वतःच तोंडाच्या कर्करोगाला कारण होते. आणि मग शेतीचा, नातवाच्या शाळेचा, कसलाही दुसरा विषय काढावा.