थोरला, धाकटा आणि घरातली जागा

"मोठा शहाणा, मधला दुर्लक्षित, शेंडेफळ लाडावलेले," असे आपण सहज बोलून जातो. पण मुलांच्या शिक्षणात आणि पुढच्या कमाईत जन्मक्रमाचा खरेच काही वाटा असतो का? नॉर्वे देशात याचा कसून शोध घेण्यात आला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भावंडांची आपसात तुलना केली, तेव्हा पहिल्यापेक्षा दुसऱ्याचे, दुसऱ्यापेक्षा तिसऱ्याचे शिक्षण थोडे कमी भरले. मिळकतीतही तसेच. घरात मुले किती, यापेक्षा आपण कितवे, यालाच अधिक महत्त्व होते.

धाकट्यांनी मन खट्टू करू नये. २००७ साली त्याच देशातल्या सुमारे २,४०,००० तरुणांच्या, सैन्यभरतीच्या वेळी घेतलेल्या बुद्धिमापन चाचण्या तपासण्यात आल्या. थोरले सरासरी दोनेक गुणांनी पुढे होते. पण ज्या घरात पहिले मूल तान्हेपणीच दगावले होते, तिथला दुसरा मुलगा थोरल्यांच्या बरोबरीला आला होता! म्हणजे हा फरक जन्माने आलेला नसून घरात मिळालेल्या जागेचा आहे, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

गरिबीत मात्र हे गणित उलटते. इक्वाडोर देशात थोरली मुलेच शिक्षणात मागे राहतात, असे २०१४ च्या एका अभ्यासात आढळले. हे कळायला आपल्याला इक्वाडोरला जायला नको. किती घरांत दादाने नववीत शाळा सोडून वाडी सांभाळली, ताई धाकट्यांना कडेवर घेऊन घरी राहिली, आणि त्यांच्या पाठचा बँकेत साहेब झाला!

मग घर-जमिनीच्या वाटणीचा दिवस उजाडतो. "मी माझ्या अकलेवर शिकलो," असे धाकटा म्हणतो. समान हिस्से केले की न्याय झाला, असे सारे धरून चालतात. कायद्याने तो झालाही असेल. पण खरी वाटणी तीस वर्षांपूर्वीच झालेली असते, शाळेची फी कुणाची भरायची हे आईबापांनी ठरवले त्या दिवशी. एसावाने भुकेपोटी ज्येष्ठपणाचा हक्क विकला, त्याला निदान भाकर आणि मसुरीचे वरण तरी मिळाले. आपल्या दादाला कुणी काही विचारलेच नाही.

दादा सहसा तोंडाने मागत नाही. त्याला मागायला लागू नये, असे आम्हांला वाटते. जो शिकला त्यानेच कागद करण्याआधी, आपल्या बायकामुलांदेखत, दादा-ताईने काय काय सोडले ते मोठ्याने सांगावे. ताईपुढे हक्कसोडपत्र ठेवायचे की नाही, हे त्यानंतर ठरवावे.