स्ट्रेचर उचलणारा

सेवाग्राम आश्रमात सायंप्रार्थना आटोपली, तरी काका खडीवरून उठले नाहीत. पुलगावच्या दारूगोळा भांडारात त्यांनी 30 वर्षं आग विझवायचं काम केलं. उजव्या हाताचं पहिलं बोट होजच्या कपलिंगमध्ये चेंगरलेलं, ते आता वाकत नाही.

"काका, गांधीजी युद्धावर गेले होते, ठाऊक आहे?"

"हाव. बोअर युद्धात जखमी उचलले त्यायनं."

"1906 मध्ये झुलूंच्या बंडाच्या वेळी तर सार्जंट-मेजर होते. 24 जणांची तुकडी होती."

"बंदूक तर नाही चालवली न?"

"त्यानं सुटका होते असं ते स्वतःच मानत नाहीत. दरोडेखोरांची राखण करणारा आणि त्यांच्या जखमा बांधणारा, दोघेही दरोड्यात भागीदार, असं आत्मकथेत लिहिलंय. लढाईतल्या शुश्रूषेलाही तोच न्याय."

काका ते ताठ बोट चोळत राहिले.

"मग मीही भागीदार. बॉम्ब बनवला नाही, फेकला नाही, पण शेड जळू नये म्हणून राखली. 31 मे 2016 ला माये जुने सोबती आग विझवतानाच गेले. त्यायले काय म्हणशील?"

मला उत्तर सुचलं नाही. मी इथल्याच दवाखान्यात शिकते. जखमी दारात आला की तो कोणाच्या बाजूचा, हे आम्ही विचारत नाही.

"झुलूंच्या पाठी चाबकानं फाटल्या होत्या," मी म्हटलं. "गोरे त्यांना हात लावायला तयार नव्हते. ही तुकडी नसती तर त्या जखमा तशाच चिघळल्या असत्या."

"म्हणजे आत गेले म्हणून दिसलं."

"पण आत गेले म्हणून सरकारचंही काम झालं. 1918 मध्ये तर खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायी फिरले. सत्याग्रहात फुकट गाड्या देणारे लोक तेव्हा भाड्यानंही गाडी देईनात."

"लोकायले आधी समजलं."

"आणि 1940 च्या ऑक्टोबरात त्याच माणसानं पवनारहून विनोबांना युद्धाविरुद्ध बोलायला उभं केलं."

"मग आधीच्याचा पस्तावा झाला असंल."

"नाही. तेच तर मला सुटत नाही. जखमींची सेवा करणाराही युद्धाच्या दोषातून सुटत नाही, असं लिहितात, आणि केल्याचा पश्चात्ताप नाही, असंही लिहितात. मला वाटतं, दोन्ही ते मनापासून लिहितात."

काका बराच वेळ बोलले नाहीत. अंधारात कुटीची कौलं तेवढी दिसत होती.

"मले भागीदार म्हण," ते म्हणाले. "त्या पोरायले नको म्हणू."

"काहून?"

"मी 30 वर्षं पगार घेतला, अजून पेन्शन घेतो. विचार करायले मले वेळ होता. ते निघाले तेव्हा समोर फक्त आग होती."