वहीतला आकडा

निफाडजवळच्या एका द्राक्षबागायतदाराच्या घरातली ही गोष्ट. धाकटी सून वैशाली हिला लग्नाआधीपासूनच मधुमेह. दिवस राहिले तसं डॉक्टरांनी तिला साखरेची वही ठेवायला सांगितली. हात धुऊन, कोरडे करून बोटाच्या कडेला टोचायचं आणि आकडा लिहायचा. उपाशीपोटी साखर ९५च्या आत हवी, जेवणानंतर दोन तासांनी १२०च्या आत. त्यावरून इन्सुलिन ठरायचं.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. त्या दिवशी मीटरवर १६८ आले. डॉक्टर रागावतील, घरचे बोल लावतील, या भीतीने वैशालीने वहीत ११६ लिहिले. पुढे काटेकोर पथ्य पाळूनही साखर चढीच राहिली. वहीतले आकडे मात्र गुणी राहिले.

सोनोग्राफीत बाळाचं पोट दिवसांच्या मानाने मोठं दिसलं. डॉक्टर वही चाळत म्हणाल्या, "आकडे तर छान आहेत, मग असं का?" वैशाली गप्प.

संध्याकाळी सासरे ओसरीवर फवारणीची वही लिहीत बसले होते. तिने विचारलं, "नाना, एखादी फवारणी राहिली आणि झाली म्हणून लिहिली, तर कुणाला कळणार आहे?"

नानांनी पेन थांबवलं. "कुणालाच नाही, पोरी. पण पुढचं औषध मी या वहीवरून ठरवतो. नोंद खोटी तर औषध चुकीचं. मग भोगायचं कुणी? घडाने."

वैशालीचा हात नकळत पोटावर गेला. रात्री तिने मीटरमधले जुने आकडे एकेक काढून वहीत खरे लिहिले.

सकाळी डॉक्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, या महिन्यांत वारेतल्या हार्मोनमुळे आईचं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. डोस वाढवावाच लागतो, त्यात तुझा काय दोष? पण आईची जादा साखर वारेतून बाळाकडे जाते. ती पचवायला बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं आणि अंगाने फुगतं. मला आकडा चांगला नको, खरा हवा."

डोस वाढला, साखर उतरली. अडतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. टाचेतून रक्त घेऊन तिची साखर तपासली, ती ठीक निघाली. वैशालीने तोही आकडा वहीत लिहिला.

तात्पर्य : नोंद शाबासकीसाठी नसते, उपचारासाठी असते. आई आकडा लपवते, तेव्हा त्याची किंमत पोटातलं बाळ मोजतं.