चुकलेली मुदत आणि असमर्थ ऋणको

न्यायालयाबाहेर होणाऱ्या तडजोडीत धनको, म्हणजे ज्याचे येणे आहे तो पक्ष, आपल्या हक्काचा काही भाग सोडतो, तो उरलेली रक्कम ठरल्या तारखेस हाती पडेल या भरवशावर. तारीख टळली की तो भरवसा मोडतो, यात वाद नाही; परंतु ज्याने पैसे असून दिले नाहीत आणि ज्याच्यापाशी ते नव्हतेच, त्या दोघांचा दोष सारखाच मानावा काय, हा प्रश्न कायद्याच्या आधी नीतीचा आहे.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, फेड करण्यास असमर्थ असलेल्या ऋणकोने साचलेले व्याज देऊन नवा लेख करावा आणि तेही न साधल्यास ते व्याज नव्या लेखातच मिळवावे, अशी सोय आहे. म्हणजे मुदत ही तेथे नव्याने ठरवता येणारी गोष्ट आहे. याज्ञवल्क्यस्मृती मात्र निर्धन झालेल्या हीन जातीच्या ऋणकोकडून कामाच्या रूपाने कर्ज वसूल करण्यास सांगते, आणि ब्राह्मणाला मिळकत होईल तसतशी सावकाश फेड करू देते. सवलतीचे तत्त्व ठाऊक असूनही ती कोणाला मिळावी हे जन्मावर सोपवणारी ही व्यवस्था आज दाखल्यादाखल पुढे करताना तिचा हा उत्तरार्ध गाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

कुराणाच्या दुसऱ्या सूरेतील, म्हणजे अध्यायातील, 280 वी आयत असा भेद करीत नाही. ऋणको अडचणीत असेल तर त्याला सुस्थिती येईपर्यंत अवधी द्यावा, असे ती सांगते, आणि कर्ज सोडून देणे त्याहून श्रेयस्कर मानते. अवधी हे कर्तव्य आणि माफी हे पुण्य, अशी ही विभागणी आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद त्याच सूरेत थोडे पुढे येते, हेही लक्षणीय आहे, कारण करुणेसाठी हिशेब ढिला ठेवावा लागतो, हा समज त्यामुळे टिकत नाही.

भारतीय कायद्यात तडजोड न्यायालयात दाखल होऊन तिचा हुकूमनामा झाला, तरी त्यातील मुदत पक्षांच्या संमतीशिवाय वाढवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने हुकुमचंद विरुद्ध बन्सीलाल या 1967 च्या निकालात म्हटले. पेरियक्कल विरुद्ध दाक्षायणी या 1983 च्या निकालाने, उघड अन्याय टाळण्यासाठी क्वचित प्रसंगी ती वाढवण्यास वाट ठेवली. हप्ता चुकल्यास मूळची पूर्ण रक्कम देय होईल, या नेहमीच्या कलमाकडे दंड म्हणून नव्हे, तर दिलेली सवलत परत घेणे म्हणून पाहिले जाते, आणि ते तर्कशुद्धही आहे. मात्र ते कलम चुकण्याचे कारण विचारीत नाही. असमर्थतेची सबब प्रत्येक जण सांगेल, हा आक्षेप खरा असला तरी तो पुराव्याविषयीचा आहे: ऋणकोने मिळकत व मालमत्ता उघड करून असमर्थता सिद्ध करावी आणि तसे केल्यास ठराविक वाढीव अवधी मिळावा, अशी अट तडजोडीच्या मसुद्यातच घालता येते. माफी अशी कलमात बसवता येत नाही. ती धनकोच्या मर्जीचीच राहते.