ओळखीच्या माणसाविरुद्ध कुणाकडे जायचे?

नोव्हेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईच्या एका अल्पवयीन मुलीची तक्रार पुढे आली. सहा महिन्यांत शेकडो जणांनी अत्याचार केल्याच्या तिच्या आरोपाने राज्य हादरले आणि चर्चा त्या आकड्याभोवतीच फिरत राहिली. लक्षात घ्यायला हवा होता तो त्याआधीचा घटनाक्रम. आई हयात नव्हती. कोवळ्या वयात लग्न लावून दिले गेले, सासरी छळ झाला, माहेरी परतल्यावर थारा मिळाला नाही आणि पोटासाठी तिने अंबाजोगाईचे बसस्थानक गाठले. आपण आधीही पोलिसांकडे गेलो होतो, पण दखल घेतली गेली नाही, असे तिचे म्हणणे होते; तिने ज्यांच्यावर आरोप केले, त्यांत एक पोलीसही होता. परक्यांपर्यंत ती पोहोचली, ती आपल्या माणसांनी वाऱ्यावर सोडल्यामुळे.

देशात नोंदल्या जाणाऱ्या बलात्कारांपैकी ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगतात. यात लग्नाच्या आमिषाची प्रकरणेही मोजली जातात, हा आक्षेप रास्त आहे. पण ती वगळली तरी नातेवाईक, शेजारी, शिक्षक उरतातच, आणि घरातला गुन्हा पोलीस ठाण्यापर्यंत सहसा पोहोचतच नाही. बीडमध्ये या प्रश्नाला ऊसतोडीची जोड आहे. दिवाळीच्या आगेमागे मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघाल्या की वयात आलेल्या मुलीचे काय करायचे, हा आईबापांपुढचा खरा पेच असतो. उसाच्या फडावरच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, धड दार नसते आणि गावी ठेवावे तर भरवसा कुणाचा? मग 'उरकून टाकू' म्हणत लग्न लावले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे ४४ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली होती. अठराखालील पत्नीशी संबंध हा बलात्कारच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे रक्षणासाठी केलेले लग्नच तिला अत्याचाराच्या हवाली करते.

यावर फाशीची मागणी होते. अंबाजोगाईनंतर पुढच्याच महिन्यात विधिमंडळाने फाशीची तरतूद असलेले शक्ती विधेयक मंजूर केले, पण ते अमलात आले नाही. संताप समजण्यासारखा आहे. मात्र आरोपी घरचा कर्ता असेल, तर शिक्षा जितकी भयंकर तितका मुलीवर गप्प बसण्याचा दबाव मोठा. तिला हवा असतो तो आरोपीवर अवलंबून नसलेला एक प्रौढ माणूस. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याने गुन्हा कळलेल्या प्रत्येकावर तक्रारीची सक्ती केली आहे, नियमांत खटला संपेपर्यंत सोबत करणाऱ्या सहायक व्यक्तीची तरतूद आहे, अर्थसाहाय्य आणि समुपदेशनासाठी मनोधैर्य योजना आहे. पण हे तक्रारीनंतरचे. त्याआधी ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहांत मुलींच्या जेवणाइतकीच सुरक्षित मुक्कामाचीही सोय हवी. तिथलेच कुणी भक्षक निघाले तर, ही शंका अनाठायी नाही. जून २०२५ मध्ये बीड शहरातल्या खासगी शिकवणीतल्या शिक्षकांवर विद्यार्थिनीच्या लैंगिक छळाचा गुन्हा दाखल झाला. म्हणूनच मुलींशी एकांतात बोलायला ठरावीक दिवशी बाहेरची बाई यायला हवी, आणि तिने आपला अहवाल संस्थेकडे न देता थेट बालकल्याण समितीला द्यायला हवा.